सेन्सरवाला फ्लश व्हॉल्व्ह: सेन्सरला शिव्या देण्याआधी हे वाचा

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार कापला तो सोबत येणाऱ्या मॅन्युअलसाठी आणि अर्धा कापला सेलच्या कप्प्याच्या सीलसाठी, दोन्हीबद्दल खाली येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ह्या प्रकारचे व्हॉल्व्ह आतून थोड्याफार फरकाने सारखेच असतात आणि मी जे बिघाड सांगणारे ते कुठल्याही कंपनीच्या मालात होऊ शकतात. माझं काम ऑफिस बिल्डिंगच्या देखभालीचं, म्हणजे पंप, लिफ्ट, एसी आणि अर्थातच टॉयलेट. मॉडेल म्हणाल तर कमोडच्या मागे भिंतीबाहेर असतो तो क्रोमवाला, वर काळ्या काचेची टोपी, आत चार डबल ए सेल. युरिनलवर ह्याचंच लहान मॉडेल लावलंय.

आता तक्रारींचं बघा. लोकांची तक्रार कायम एकच, "सेन्सर गेलाय". फ्लश होत नाही, सेन्सर गेलाय. फ्लश थांबत नाही, सेन्सर गेलाय. कोणी नसताना आपोआप फ्लश झाला, तरी सेन्सरच गेलाय. मग कोणीतरी घाईघाईने नवीन सेन्सर मॉड्युल मागवतं, ते बसवतं, आणि पाणी आपलं तसंच वाहत राहतं. माझ्या मते ह्या अख्ख्या वस्तूत सगळ्यात कमी त्रास देणारा पार्ट म्हणजे तो सेन्सर. बहुतेक वेळा भानगड असते सेलमध्ये, रबरात नाहीतर पाण्याच्या दाबात. म्हणून हा रिव्ह्यू थोडा उलट्या पद्धतीने लिहितोय, वस्तू कशी आहे त्यापेक्षा ती अडली की काय करायचं हे जास्त.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात, कारण हे डोक्यात नसेल तर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे. काळ्या काचेमागे दोन डोळे असतात, एक इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि दुसरा परत आलेला प्रकाश पकडतो. समोर माणूस आला की प्रकाश त्याच्यावर आपटून परत येतो. पण तेवढ्याने फ्लश होत नाही, माणूस काही सेकंद सलग समोर राहिला पाहिजे, मगच सर्किट "तयार" होतं, आणि तो बाजूला झाला की दोनेक सेकंदांनी फ्लशचा सिग्नल जातो. युरिनलच्या मॉडेलमध्ये ही थांबायची वेळ कमी असते. सिग्नल जातो सोलेनॉइडला, म्हणजे विजेच्या झटक्याने हलणाऱ्या एका छोट्या झडपेला, आणि सोलेनॉइड फक्त एक बारीकशी वाट उघडतो. बस, इलेक्ट्रॉनिक्सचं काम एवढंच. पुढचं सगळं काम पाणीच करतं.

ते असं. मधे एक रबराचा डायफ्राम, म्हणजे लवचिक चकती असते. त्याच्या वरच्या कप्प्यात एका सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी भरलेलं असतं आणि त्याच्या दाबाने डायफ्राम सीटवर (कमोडची सीट नव्हे, व्हॉल्व्हच्या आतली त्याची बसायची कड) घट्ट दाबून बसलेला असतो. सोलेनॉइडने वाट उघडली की वरचं पाणी निघून जातं, वरचा दाब पडतो, खालचं पाणी डायफ्रामला उचलतं आणि धो धो करत कमोडमध्ये जातं. मग सोलेनॉइड वाट बंद करतो, त्याच बारीक भोकातून वरचा कप्पा हळूहळू परत भरतो आणि डायफ्राम खाली बसतो. फ्लश किती वेळ चालणार हे ठरवतं ते भोक. ही डायफ्रामवाली आयडिया आजची नाही बरं का, शिकागोच्या विल्यम स्लोनने १९०६ मध्ये ती बाजारात आणली, तेव्हा सेन्सर वगैरे काही नव्हतं, दांडी दाबायची. आज दांडीच्या जागी सोलेनॉइड आलाय, पोट तेच आहे.

आता पहिली टेस्ट, जी मी कुठलाही स्क्रू उघडायच्या आधी करतो. टोपीवर किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, हाताने फ्लश करायचं. ते दाबा आणि कान लावा. फ्लश नीट झाला तर सेल, सोलेनॉइड, डायफ्राम सगळं ठीक आहे, प्रॉब्लेम फक्त "दिसण्याचा" आहे. "टक" असा आवाज आला पण पाणी नाही आलं, तर इलेक्ट्रिकची बाजू ठीक आणि पाण्याची बाजू अडलीय. टक पण नाही आणि पाणी पण नाही, तर सेल, वायरचा कनेक्टर नाहीतर सोलेनॉइड. एका बटणात अर्धं निदान होतं.

पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. हे बटण दोन प्रकारचं असतं. काही मॉडेलमध्ये बटण सर्किटलाच सिग्नल देतं, म्हणजे सेल संपले की बटणही मेलं. आणि काहींमध्ये बटण सरळ यांत्रिक, दाबलं की वरच्या कप्प्याची वाट हातानेच उघडते, सेल काढून टाकले तरी फ्लश होतो. दोन्हीत वरच्या टेस्टचा अर्थ वेगळा निघतो, यांत्रिक बटणाने फ्लश झाला तर फक्त एवढंच कळतं की डायफ्राम आणि पाणी ठीक आहे, सेल आणि सोलेनॉइडबद्दल काहीच कळत नाही. मग आपल्याकडे कुठलं बटण आहे हे मॅन्युअलमध्ये असायला हवं की नको? आमच्यासोबत आलेल्या कागदावर बसवायची चित्रं आहेत, चौदा भाषांत वॉरंटी असावी असा कागदाचा आकार आहे, पण हे एक वाक्य नाही. स्टार कापला तो ह्यासाठी. सोपा उपाय, सेल काढा आणि बटण दाबून बघा, कळेल.

सेलबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. चार डबल ए म्हणजे दीड गुणिले चार, सहा व्होल्ट. कोणीतरी हौसेने रिचार्जेबल टाकतं, ते एक पॉइंट दोन व्होल्टचे असतात, म्हणजे चारांचे मिळून ४.८. सर्किटला वाटतं सेल संपत आलेत, आणि लाल लाइट लुकलुकायला लागतो. अल्कलाइनच टाका, किंवा कंपनीने लिथियम चालतील असं लिहिलं असेल तर लिथियम. आणि चारही एकदम बदला, दोन नवे दोन जुने हा प्रकार करू नका, जुने नव्यांनाही खाली ओढतात आणि वर गळून कप्पा खराब करतात. साधे स्वस्त झिंकवाले सेल मल्टीमीटरवर मस्त दीड व्होल्ट दाखवतात पण सोलेनॉइड जेव्हा एकदम करंट मागतो तेव्हा व्होल्टेज बसतं, म्हणून "सेल तर नवे आहेत हो" ह्या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

सेल कमी पडले की सगळ्यात वाईट काय होतं माहितीये? फ्लश बंद होणं नाही, फ्लश बंद न होणं. सेलवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये लॅचिंग सोलेनॉइड असतो. तो उघडायला एक झटका लागतो आणि बंद करायला उलट्या दिशेचा दुसरा झटका, मधल्या वेळात आतलं मॅग्नेट त्याला धरून ठेवतं, करंट काहीच लागत नाही, म्हणून तर सेल इतके टिकतात. पण उघडण्यापुरता जीव सेलमध्ये होता आणि बंद करायला उरला नाही तर? पाणी चालूच. चांगल्या मॉडेलमध्ये ह्याची काळजी घेतलेली असते, व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की ते उघडतच नाहीत, फक्त लाइट मिचकावतात. हे मॉडेल त्यातलं आहे, ह्याचे पूर्ण मार्क. आणि सोलेनॉइड कधी बदललात तर लाल काळ्या वायरी होत्या तशाच लावा, उलट्या लागल्या तर बंद करायच्या वेळी उघडणार आणि उघडायच्या वेळी बंद.

अर्धा स्टार कुठे गेला ते आता. सेलच्या कप्प्याचं रबरी सील पातळ आहे. साफसफाईवाले क्लीनर थेट टोपीवर फवारतात, ते हळूहळू आत जातं आणि सेलच्या पट्ट्यांवर पांढरा हिरवा थर चढतो. वरून बघितलं तर सेल नवे, टोपी चकाचक, आणि व्हॉल्व्ह ढिम्म. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या की चालू. क्लीनर कपड्यावर फवारून मग पुसा, हे साफसफाईवाल्यांना सांगितल्यापासून हा त्रास जवळजवळ गेलाच. आणि अ‍ॅसिडवालं काही टोपीजवळ नेऊ नका, क्रोम तर जातोच पण काळी काच एकदा धुरकट झाली की सेन्सर खरंच आंधळा होतो. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, पुरे.

आणि हो, नवे सेल टाकले की सुरुवातीची काही मिनिटं समोर हात नेला की लाइट लागतो, तो सेटिंगसाठी असतो. नंतर सेल वाचवायला तो लाइट बंद होतो. ह्यावरून आमच्याकडे "सकाळी लाइट लागत होता, आता लागत नाही, बिघडला" अशी तक्रार आलेली आहे. बिघडलेला नाही हो.

आता मोठा विषय, फ्लश थांबत नाही. आधी पाणी बंद करा. पाइपवर बाजूला जो स्टॉप, म्हणजे पाणी बंद करायचा कॉक असतो, स्वतःच्या छोट्या टोपीखाली चपट्या स्क्रू ड्रायव्हरची खाच असलेला, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा आणि फिरवताना किती आटे फिरले ते मोजा, कारण परत तेवढाच उघडायचाय. हा स्टॉप फक्त चालू बंदसाठी नसतो, पाण्याचा वेग पण त्यानेच जमवलेला असतो. खूप लोक परत लावताना तो अर्धवटच उघडतात, आणि पाणी कमी येतंय म्हणून डायफ्राम नीट बसतच नाही आणि मग पुन्हा चालू होते तीच रडकथा.

पुढचा मुद्दा कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत मला दिसला नाही म्हणून नीट लिहितो. एका मजल्यावरचे सगळेच व्हॉल्व्ह एकदम वाहायला लागले असतील तर एकेक उघडत बसू नका. पंप बंद पडला होता का, मेन लाइनचं काम चालू होतं का ते विचारा. लाइनचा दाब पडला की सगळे डायफ्राम सैल पडतात, पाणी परत आलं की सगळीकडून एकदमच वाहायला लागतं, आणि सगळीकडून वाहतंय म्हणून दाब वाढत नाही, आणि दाब वाढत नाही म्हणून एकही बंद होत नाही. सगळे स्टॉप बंद करा, दाब तयार होऊ द्या, मग एकेक करून उघडा. बहुतेक सगळे आपोआप जागेवर बसतात. एकही पार्ट बदलावा लागत नाही. हे माहीत नसलेला प्लंबर असेल तर अख्ख्या मजल्याचे डायफ्राम बदलून देईल आणि तुम्ही त्याला धन्यवाद पण द्याल.

एकच वाहत असेल तर मात्र उघडायला लागेल. वरची टोपी काढा, सोलेनॉइड बाहेर घ्या, त्याच्या पुढे बारीक जाळी असेल तर ती बघा, आणि मग डायफ्राम. सीटवर वाळूचा एक कण, टेफ्लॉन टेपचा एक तुकडा, एवढं पुरतं. नव्या बिल्डिंगमध्ये तर हमखास, कारण व्हॉल्व्ह बसवायच्या आधी लाइन धुवून काढायची असते आणि ते कोणी करत नाही. डायफ्राममधलं ते बारीक भोक बुजलं तर वरचा कप्पा भरतच नाही आणि फ्लश थांबतच नाही, जड पाणी असेल तिथे क्षाराने हे होतं. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, वाहत्या पाण्याखाली धुवा. सुई किंवा टाचणी घालून कोरू नका, प्लीज. भोक जराही मोठं झालं की कप्पा लवकर भरतो आणि फ्लश अर्ध्यात तुटतो, मग तुम्ही उलट्या तक्रारीत अडकता. रबर कडक झालं असेल, फाटलं असेल, फुगलं असेल तर सरळ नवीन किट. रबराला पेट्रोलियमवालं ग्रीस लावायचं नाही, त्याने ते फुगतं. पाना गुळगुळीत तोंडाचा घ्या, दातेरी पाना क्रोमची वाट लावतो.

किट घेताना सांभाळा. कमोडचं आणि युरिनलचं किट दिसायला सारखंच, आटे पण बसतात, पण पाणी वेगळं सोडतात. आजकालचे कमोडचे व्हॉल्व्ह एका फ्लशला सहा किंवा ४.८ लिटर सोडतात, युरिनलचे दोन लिटरपेक्षाही कमी, काही तर अर्धा लिटर. युरिनलचं किट कमोडला लागलं की मग "फ्लशमध्ये जोरच नाही", आणि परत दोष सेन्सरला. जुन्या १३ लिटरवाल्या कमोडवर कमी पाण्याचा व्हॉल्व्ह लावला तरी तेच होतं, कारण भांडं त्या पाण्यासाठी बनलेलंच नसतं.

दाबाबद्दल पण, विकत घ्यायच्या आधी. टाकीवाल्या फ्लशला पाणी हळूहळू भरलं तरी चालतं. ह्याला टाकी नाही, सगळं पाणी त्याच क्षणी लाइनमधून यायला हवं. कमोडच्या मॉडेलला साधारणपणे वाहत्या पाण्याचा दाब २५ पीएसआय, म्हणजे १.७ बारच्या आसपास तरी लागतो आणि पाइप एक इंची लागतो. अर्ध्या इंची पाइपवर टाकी काढून हा लावायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. आणि दाब मोजताना फ्लश चालू असताना मोजा, सगळं बंद असताना गेजवर चांगलाच आकडा दिसतो, त्याचा काही उपयोग नाही.

भुताटकीची तक्रार, म्हणजे कोणी नसताना फ्लश. त्यातली निम्मी भुतं खोटी असतात. बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटच्या वापरानंतर चोवीस तास कोणी फिरकलं नाही तर व्हॉल्व्ह आपणहून एक फ्लश करतो, ट्रॅपमधलं, म्हणजे कमोडच्या वाकड्या नळीत साठलेलं पाणी सुकून वास येऊ नये म्हणून. सुट्टीनंतर वॉचमन सांगतो, रात्री आपोआप पाणी आलं. आलंच पाहिजे. बाकी खरी भुतं म्हणजे समोरचा चकचकीत स्टीलचा दरवाजा, आरसा, पॉलिशची टाइल, खिडकीतून थेट काचेवर येणारं ऊन. हे असेल तर रेंज कमी करा, जुन्या मॉडेलमध्ये बारीक स्क्रू असतो, नव्यात बटण किंवा रिमोट. एकदम फार कमी करू नका, नाहीतर पुढे सरकून बसलेला माणूस त्याला दिसणार नाही आणि बसल्या बसल्याच फ्लश होईल.

उलटी तक्रार, माणूस आहे पण दिसत नाही. काळे कपडे इन्फ्रारेड पिऊन टाकतात, परत फारच कमी येतं. पांढरा कागद धरून बघा, कागद दिसला आणि काळी पँट नाही दिसली तर रेंज थोडी वाढवा. नव्या व्हॉल्व्हवर काचेची पातळ प्लास्टिक फिल्म तशीच राहिलेली असते, ती काढा, हसू नका, मोठ्या मोठ्या ठिकाणी राहिलेली बघितलीय. सेन्सर जिवंत आहे का हे बघायला फोनचा कॅमेरा वापरा, काचेवर धरला की स्क्रीनवर जांभळट ठिपका मिचकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, सेल्फी कॅमेऱ्याने जास्त नीट दिसतो. सेल वाचवायला तो सलग पेटत नाही, मधून मधून झटका देतो, म्हणून थोडा वेळ थांबा. एवढं करून ठिपका नाहीच दिसला, सेल बदलले, पट्ट्या साफ केल्या, कनेक्टर दाबून बघितला तरी नाही, तेव्हा म्हणा सेन्सर गेला. तोपर्यंत नाही.

लहान मुलं हा एक वेगळाच विषय. मूल कमोडवर बसलं की सेन्सरच्या समोर नीट येतच नाही, हललं की सेन्सरला वाटतं उठलं, आणि खालून धबधबा. मुलं ह्याला इतकी घाबरतात की पुढच्या वेळी जायलाच तयार होत नाहीत. काचेवर एक चिकटणारा चिठ्ठीचा कागद लावा, सेन्सरला वाटतं समोर कोणीतरी आहे, काम झालं की कागद काढा, फ्लश होईल. साफसफाई करताना पण हीच युक्ती, नाहीतर कमोड घासेपर्यंत चार वेळा फ्लश.

फ्लशच्या वेळी खालच्या नळीच्या वरच्या भागातून पाणी थेंब थेंब उडत असेल तर तो व्हॅक्यूम ब्रेकर, आतली रबरी बाही बदलायची, पाच मिनिटांचं काम. मात्र तो काढून नुसती नळी जोडून टाकायचा शहाणपणा करू नका, कमोडचं पाणी उलटं ओढून प्यायच्या पाण्याच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून तो तिथे असतो.

घ्यावा का? दाब असेल, पाइप जाड असेल आणि टोपी उघडायची भीती नसलेला एक माणूस हाताशी असेल तर जरूर घ्या. घरासाठी मी तरी सांगणार नाही, दोन चार माणसांत हाताने बटण दाबणं काही जड नाही. जिथे दिवसभर गर्दी असते तिथे मात्र हा चांगलाच उपयोगी, फ्लश न करता निघून जाणाऱ्यांवर दुसरा इलाज नाही. ऑर्डर करतानाच डायफ्रामची दोन तीन किटं, एक सोलेनॉइड आणि व्हॅक्यूम ब्रेकरची रबरं सोबत मागवून ठेवा, आणि किटवरचा लिटरचा आकडा व्हॉल्व्हवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. आमच्या पुढच्या मजल्यासाठी मी ह्याच कंपनीचं वायरवर चालणारं मॉडेल बघतोय, सेलची कटकट जाईल म्हणून, पण त्यात लाइट गेल्यावर चालणारं यांत्रिक बटण आहे का हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, आणि विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणतो "असेल की".